पुंजामायची रोजची बातमी

पुंजामायनं मला जेवढं छळलं तेवढं तर्कशास्त्राच्या पेपरनंही छळलं नाही. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं. ती माझ्या आजीच्या वयाची, आणि मोठ्या माणसाबद्दल असं बोलू नये हे घरी शिकवलेलं. पण गोड लिहायला बसलो की ती समोर येतच नाही. येते ती दार वाजवत, मी अभ्यासाला बसलो असताना, आणि दिवसातून तिसऱ्यांदा. म्हणून जसं होतं तसंच लिहितो.

मी अकोल्याकडच्या एका खेड्यातला. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारा पहिलाच. अमरावतीला वलगाव रोडच्या बाजूला आमच्या लोकांची वस्ती होती. तिथं मावशीच्या पुढच्या खोलीत माझी ट्रंक आणि मी राहायला आलो. भिंतीपलीकडे किसनदादांचं घर. किसनदादा रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये कामाला, त्यांची बायको वच्छलावहिनी हंगामात कापसाच्या जिनात आणि एरवी मिळेल त्या कामावर. आणि किसनदादांची आई, पुंजामाय. उंच, काळी, ताठ. सारं आयुष्य डोक्यावर मातीच्या पाट्या वाहिलेल्या. "पाटीखाली मान सरळ ठेवा लागते, वाकली का माती डोयात जाते," असं ती सांगायची. तंबाखू मळताना समोरच्याशी बोलायची नाही. तंबाखू दाढेखाली गेली की मगच प्रश्न.

मी आलो त्या दिवशी तंबाखू दाढेखाली गेल्यावर तिनं मला विचारलं, "कायचा अभ्यास करतं बापू?"

"इतर विषय आहेत, आणि तर्कशास्त्र."

"त्यानं काय होते?"

मी जरा विचार करून म्हणालो, "खरं कोणतं आणि खोटं कोणतं ते ओळखता येतं."

"आँ? त्याले कालेज कायले लागते?" असं म्हणून ती उठून गेली. मावशी आत पदर तोंडाला लावून हसत होती.

वस्तीत तिचा दरारा होता. दीक्षा घ्यायला नागपूरला जायचं ठरलं तेव्हा किसनदादांचा ताप उतरेना, म्हणून घरचे थांबले. ही मात्र शेजारणींबरोबर रेल्वेत बसून गेली. परत आली ती पांढरं लुगडं नेसून, आणि आल्या आल्या देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडून आली. नळाची गोष्ट तर सगळेच सांगत. वस्तीला नळ नव्हता, अर्ज पडून होते. एक दिवस पुंजामायनं दहाबारा बायका गोळा केल्या, रिकाम्या घागरी घेतल्या आणि नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसून त्या घागरी राखेनं घासायला सुरुवात केली. घोषणा नाहीत, भाषण नाही. नुसता घासण्याचा आवाज. साहेब बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, हे काय चाललंय?" पुंजामाय म्हणाली, "घागरी घासून राह्यलो साहेब. पानी आलं का भरा लागन न." दोन दिवस हे चाललं. नळ आला तेव्हा पहिली ओंजळ तिचीच होती.

हे सगळं मी ऐकलेलं. मी पाहिली ती नंतरची पुंजामाय.

सुरुवात कधी झाली ते सांगता येत नाही. भाजीत दोनदा मीठ पडायचं, वहिनी चिडायची. मग ती स्वतःच्या दाराऐवजी आमच्या दारात येऊन उभी राहू लागली. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणानं मेंदू झिजतो, औषध नाही, सांभाळा. वस्तीत म्हणाले, बुढीले चळ लागला. आम्ही हसायचो. हसणं थांबलं ते तिनं नळावर पाणी घेणं बंद केल्यावर.

नळ सकाळी सहाला यायचा आणि आठला जायचा. एके दिवशी पुंजामाय घागर घेऊन निघाली आणि नळापासून वीस हातांवर, निंबाच्या झाडाखाली, थबकली. घागर खाली ठेवली, हात जोडले आणि नळावरच्या बायकांना म्हणाली, "ओता वं मायबाई. दोन घोट ओता."

बायकांना वाटलं, थट्टा करते. वस्तीतल्याच, सुतारकाम करणाऱ्या घरची यमुनाकाकू म्हणाली, "काय नाटक लावलं माय? ये न पुढं."

"मी कशी येऊ पाटलीनबाई? इटाळ होईन."

"मी पाटलीन दिसतो का तुले?" यमुनाकाकू ओरडली. "यमुना होय मी!"

पण पुंजामायच्या डोळ्यांत या बायका नव्हत्याच. धुतलेली लुगडी, चकचकीत घागरी आणि वाहतं पाणी एवढंच तिला दिसत होतं, आणि अशा बायका तिच्या हिशेबी दुसऱ्या कोणी असूच शकत नव्हत्या. मनानं ती जुन्या गावच्या विहिरीवर उभी होती. कुणी वरून ओतेपर्यंत थांबायचं, हे तिच्या अंगात पक्कं होतं. बाकी सगळं विसरली आणि नेमकं तेवढंच उरलं.

मला याचा राग यायचा. आजाराचा राग येऊ नये हे कळत होतं, पण यायचा. घरी भरून ठेवलेलं पाणी प्यायची नाही, "हे कोनाचं?" म्हणायची. इस्त्रीचा सदरा घालून मी बाहेर पडलो की बाजूला सरकून म्हणायची, "जोहार मायबाप." मी म्हणायचो, "माय, मी शेजारचा. जयभीम म्हणा." ती घाबरून आणखी वाकायची.

एकदा माझा वर्गमित्र देशमुख घरी आला होता. वलगावकडच्या शेतकरी घरातला, मनानं चांगला. मावशीच्या हातची भाकर मांडी घालून खायचा. आम्ही दारात बोलत असताना पुंजामाय आली, तिनं दोघांकडे पाहिलं आणि लांबूनच जोहार घातला. देशमुखचा उजवा हात आपोआप वर आला, त्याच्या घरी मोठी माणसं जोहार घेताना उचलत असतील तसा. मध्येच त्याला कळलं. हात तिथंच राहिला. मग त्यानं तो केसांवरून फिरवला आणि म्हणाला, "निघतो मी." त्यानंतर तो कॉलेजात माझ्याशी जास्तच गोड बोलायला लागला, आणि त्याचाही मला राग आला.

आम्ही तिला समजावलं नाही असं नाही. रोज समजावत होतो. "माय, दीक्षेला आठ वर्षं झाली. आता कोणी विटाळ मानत नाही." ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आठ वर्सं झाली असती तं मले ठाव नसतं काय?" मी तर पुरावाच आणला. नळाच्या अर्जाची नक्कल विहारातल्या पेटीत होती. ती तिच्यासमोर धरून मी म्हणालो, "हा पाहा, तुमचा अंगठा. नळ तुम्हीच मागितला."

तिनं कागदाकडे पाहिलं. "असे अंगठे म्या लय देल्ले बापू. कोनं कायच्यावर घेतले, मले काय मालूम?"

मी नक्कल घडी घालून पेटीत परत ठेवून आलो.

मे महिन्यात ती निंबाखाली उभी राहिली ती नळ गेल्यावरही तिथंच. बायका कामाला निघून गेल्या. दहाच्या सुमाराला ती उन्हात पडलेली सापडली, ओठ फुटलेले. त्या संध्याकाळी विहाराच्या टिनाच्या शेडमध्ये बैठक भरली. वस्तीतले प्राथमिक शाळेचे गुरुजी म्हणाले, "वाईट मलाही वाटते. पण कोणी वरून ओतायचं नाही. आज आपण ओतलं तर आपल्याच हातानं आपण मागं गेलो. आणि लहान पोरांचं काय? त्यांनी जोहार हा शब्द ऐकलाही नव्हता. काल माझी नात खेळात म्हणत होती."

मी मान डोलावली. मला गुरुजींचं पटलं होतं. अजूनही त्यांचं अगदीच चुकलं असं मला म्हणता येत नाही.

मावशी म्हणाली, "मंग बुढीनं मरा काय तहानेनं?"

किसनदादा इतका वेळ खाली पाहून बसले होते. "मी बाहेरून कडी लावून पाह्यली," ते म्हणाले. "टिनाखाली उकडते. दार ठोकून ठोकून हात सुजले तिचे. मी सात वाजता रुळावर, ही कामावर. आता एकच रस्ता हाय. गावी भावाकडं नेऊन सोडतो. येत्या सोमवारी."

सगळ्यांना एकच गोष्ट आठवली. त्या गावात विहीर अजून वरच्या आळीचीच होती. किसनदादांच्या भावाची माणसं लांबूनच पाणी घ्यायची. म्हणजे तिथं पुंजामाय वेडी ठरणार नव्हती. तिथं ती जे समजत होती ते खरंच होतं.

वच्छलावहिनी उठून बैठकीतून निघून गेली.

सोमवारी सकाळी मी नळावर होतो, मावशीची कंबर धरली होती म्हणून. निंबाखाली पुंजामाय हात जोडून उभी. "ओता वं मायबाई." कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं. वहिनीनं रात्रीच सासूचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. तिची बादली अर्धी भरली होती. अचानक तिनं बादली आपटली, पाणी सगळ्यांच्या पायांवर उडालं, आणि ती निंबाकडे धावलीच.

"अवं बुढे, सुटलं! पानी सुटलं! सारं सुटलं!"

पुंजामायनं मान वर केली. "कव्हा?"

इथं आम्ही सगळे नेहमी आठ वर्षं म्हणायचो. वहिनीच्या अंगात ते पुन्हा समजावण्याचं त्राण नव्हतं. ती ओरडली, "आज! आत्ता! आज सकायी सुटलं!"

पुंजामायच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. "आज व्हय?" ती म्हणाली. "म्हनूनच मले ठाव नाही."

वहिनी रडते की हसते ते कळेना. पुंजामायनं नळाकडे बोट केलं. "अन् ही पाटलीन?"

"मी यमुना होय, माय," यमुनाकाकू म्हणाली. "सुताराची."

"तुले बी सुटलं?"

"मले बी सुटलं."

यमुनाकाकूनं कुणाला इतकं सरळ उत्तर दिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. बायका बाजूला झाल्या. पुंजामाय वीस हात चालून आली. धारेखाली तिनं एक बोट धरलं आणि झटकन मागे घेतलं. आजूबाजूला पाहिलं. कोणी काही म्हणालं नाही. मग तिनं ओंजळ धरली आणि प्यायली, प्यायली, लुगडं भिजेपर्यंत प्यायली.

किसनदादा गाठोडं घेऊन दारात उभे होते. ते गाठोडं घेऊनच आत गेले.

त्या संध्याकाळी मी वहिनीला म्हणालो, "पण वहिनी, हे खोटं झालं. आज नाही सुटलं. लोकांनी किती वर्षं सोसून ते मिळवलं."

वहिनी भाकरी थापत होती. "तुह्यासाठी आठ वर्सं झाली. तिच्यासाठी आज झालं. तुह्या पुस्तकात बसत नसन तं पुस्तक बाजूले ठेव, अन् जराक सरपन आनून दे."

वहिनीला वाटलं, एकदा सांगितलं की झालं. दुसऱ्या दिवशी पुंजामाय पुन्हा निंबाखाली, हात जोडून. तेव्हापासून रोज सकाळी तिला बातमी सांगावी लागे. जी पहिली नळावर येईल तिनं सांगायची, असं ठरलं. ऐकायला हे फार छान वाटतं, मला माहीत आहे. प्रत्यक्षात डोकं उठायचं. रांग लागलेली, आठला नळ जाणार, आणि पुंजामायचे प्रश्न संपत नसत. कोनं सोडलं? लिहून देल्लं काय? मंदिरातल्या इहिरीवर बी? यमुनाकाकू कपाळावर हात मारून म्हणायची, "रोज उठून इले स्वातंत्र्य द्या! आमचं पानी भरनं मंग कव्हा?" गुरुजी पहिले काही दिवस लांब राहिले. मग एका सकाळी स्वतःच पुढे आले आणि त्यांनी पुंजामायला मनुष्याचे हक्क यावर इतकं सविस्तर सांगितलं की नळ गेला आणि सात घागरी रिकाम्या राहिल्या. त्यानंतर बायकांनी त्यांना ते काम दिलं नाही.

आणि एवढ्यावर संपत नसे. बातमी कळली की ती पोटात ठेवणारी बाई ती नव्हती. पाणी प्यायली की दारोदार निघायची. "आयकलं काय वं? सुटलं!" प्रत्येक घरानं रोज चकित व्हायचं. ती तेच दार दोनदा, तीनदा वाजवायची. माझी बी.ए.ची परीक्षा जवळ आलेली. मी वाचत असायचो आणि दारावर थाप.

"बापू, आयकलं काय?"

एक दिवस मी त्रासून म्हणालो, "हो, हो, माहीत आहे."

तिचा चेहरा उतरला. ती पायरीवर बसली. "साऱ्याइले ठाव हाय," ती स्वतःशीच म्हणाली. "मलेच साऱ्याइच्या मांगून सांगतात."

मावशीनं आतून येऊन माझ्याकडे असं पाहिलं की मी पुस्तक मिटलं. त्यानंतर मी दर वेळी "काय सांगता माय!" म्हणू लागलो. सुरुवातीला मला ते जमत नसे. माझ्या तोंडून ते पाठ केल्यासारखं निघायचं. मावशी म्हणायची, "जराक तोंड उघडं ठेवत जाय."

दाराची कडी किसनदादांनी काढून टाकली. पुंजामाय वस्तीत फिरायची, आणि कुठं आहे हे कुणाला ना कुणाला ठाऊक असायचं. एकच भीती होती. बरेचदा ती बातमी गावाला पोचवायला निघायची. वलगाव रोडच्या तोंडाशी रहमतचाचांचं सायकलचं दुकान होतं. पहिल्यांदा त्यांनी तिला अडवलं तेव्हा ती भांडली. "गावात सांगून येतो, सोड मले."

चाचा पंक्चर काढत होते. हात न थांबवता म्हणाले, "अम्मा, गाव को खबर पहुँच गई. मैंने खुद तार किया."

"तार केला?"

"हाँ, सबेरेच."

"मंग बरं झालं," असं म्हणून ती परत फिरली. चाचांनी नंतर किसनदादांना सांगितलं, "महिने में बीस तार हो रहे भाई मेरे." पण दर वेळी ते तेच सांगत राहिले.

त्या वर्षात ती खूप विसरली. किसनदादांना भाऊ समजायची, वहिनीला कधी आई म्हणायची. वहिनी चिडायची, रडायची, एकदा तर मला म्हणाली, "मले कधी कधी वाटते, आज नाही सांगत. एक दिवस नाही सांगत. राहू दे उभी." मग दुसऱ्या दिवशी सकाळी तीच सगळ्यांत आधी नळावर असायची. मी तिला विचारलं नाही. मला वाटतं, बातमी ऐकताना म्हातारीचा चेहरा कसा व्हायचा ते तिलाच सगळ्यांत जवळून दिसायचं.

मी पास झालो. अकोल्याला एका शाळेत नोकरी लागली. निघायच्या दिवशी साडेसातची मोटार धरायची होती. नवा पांढरा सदरा, हातात ट्रंक. नळाजवळून जाताना पाहिलं तर पुंजामाय निंबाखाली, आणि बायकांमध्ये आज पहिली कोण आली यावरून वाद चाललेला. यमुनाकाकूनं मला पाहिलं.

"हा सांगन आज! मास्तर झाला न आता? सांग बापू."

"काकू, माझी मोटार..."

"मोटार जाते कुठं? सांग."

मी ट्रंक खाली ठेवली. इतके दिवस मी दारात बसून चकित होत आलो होतो, पण बातमी कधी दिली नव्हती. पुंजामायनं माझा सदरा पाहिला आणि वाकू लागली. मी घाईनं म्हणालो, "माय, सुटलं."

"काय सुटलं मायबाप?"

"पाणी. आज सकाळी. आता कुणाला विचारावं लागत नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांवरून मला नजर काढता येईना. खरं सांगतो, त्या क्षणी मला ते खोटं वाटलं नाही. ती सरळ झाली. माझ्याजवळून नळाकडे गेली, बोट धरलं, मागे घेतलं, पाहिलं, प्यायली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ओंजळ भरून वळली आणि माझ्याकडे आली. निम्मं पाणी वाटेतच गळालं.

"घे बापू. तू बी पी," ती हळूच म्हणाली. "भेऊ नको. आता कोनी काही म्हनत नाही."

माझ्या आयुष्यात मला कुणी पाण्यापासून अडवलं नव्हतं. कॉलेजच्या माठावर मी कधी मागे पाहिलं नव्हतं. पण पाणी गळत होतं, म्हणून मी वाकलो आणि तिच्या ओंजळीतून प्यालो. सदऱ्याच्या बाह्या भिजल्या.

"आटपा गा," यमुनाकाकू मागून म्हणाली, पण तिचा आवाज चढला नव्हता. "नळ जाईन."

मी ट्रंक उचलून कोपऱ्यापर्यंत पळालो. तिथून वळून पाहिलं. पुंजामाय माझ्या मावशीच्या दारावर थाप मारत होती. दार उघडलं. कंबरेवर हात ठेवून मावशी उभी, तोंड चांगलं उघडं ठेवून, आणि तिचा आवाज मला रस्त्यापर्यंत ऐकू आला, "काय सांगता माय! खरंच?"